पाण्याचा काठ कुणाच्या सातबाऱ्यावर?

(राहुरी येथे स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या बैठकीचं बोलावणं आलं तेव्हा मला विषय विचारला गेला. मी म्हटलं, होडीतून उतरायच्या जागेबद्दल बोलते. फोनवरची ताई जरा थांबली. तिला वाटलं असणार, हा बायकांचा प्रश्न कसा काय? दारू आहे, मारहाण आहे, पोटगी आहे. त्यात होडी कुठून आली? तिचं काही चुकलं नाही. मी स्वतः धरणाच्या काठच्या गावात सून म्हणून आले आणि निम्मं आयुष्य त्या काठावर काढलं, तरी मलाही हे कळायला वेळ लागला.

राहुरीच्या बायकांना मुळा धरण सांगायला नको. पण आज नेवाशाकडून, श्रीरामपूरकडून आलेल्या मैत्रिणी आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगते. मुळा नदी अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या अंगाला उगम पावते आणि खाली येता येता इथे बारागाव नांदूरला अडवली आहे. सत्तरच्या दशकात हे धरण उभं राहिलं. साठा २६ टीएमसी. जलाशयाला ज्ञानेश्वर सागर असं नाव आहे. इथून कालव्यांनी पाणी राहुरी, नेवासा, शेवगाव, पाथर्डीकडे जातं, नगर शहराच्या नळालाही हेच पाणी. धरणाच्या खालच्या बाजूचे लोक आवर्तन कधी सुटणार म्हणून भांडतात, रास्ता रोको करतात, ते पेपरात छापून येतं. धरणाच्या वरच्या अंगाला जे राहतात, त्यांच्याबद्दल फार छापून येत नाही. वावरथ, जांभळी ही आपल्याच तालुक्यातली गावं. तालुका एका बाजूला आणि गाव पाण्याच्या दुसऱ्या बाजूला. पाणी साठलं तसा नदीतून जायचा जुना रस्ता बुडाला, आणि होडी हाच रस्ता झाला. पुलाची मागणी किती जुनी आहे ते तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा.

आता काठ म्हणजे काय, हे नीट समजून घेऊ, कारण सगळं भांडण त्यातच आहे. समुद्राला भरती-ओहोटी दिवसातून दोनदा. आमच्या धरणाला वर्षातून एकदा. पावसाळ्याअखेर धरण भरतं तेव्हा पाणी वरच्या बांधाला लागतं. तेव्हा होडी जवळजवळ सडकेपाशी येते, बाई उतरली की दहा पावलांत रस्त्याला. दिवाळीनंतर आवर्तनं सुटायला लागली की पाणी मागं सरकतं. जानेवारीत ते खूप खाली गेलेलं असतं, आणि मे महिन्यात तर उतरायची जागा कुठल्या कुठे गेलेली असते. मधे उघडी पडते ती गाळाची जमीन. काळी, ओली, खत न घालता पिकणारी. तिला आपण गाळपेर म्हणतो. म्हणजे आमचा धक्का एका जागी नाही, तो पाण्याबरोबर चालतो. आणि जो कुणी पाण्याच्या मागोमाग तारेचं कुंपण खाली सरकवत नेतो, तो आमचा रस्ताच गिळत जातो.

असंच झालं. गावाचं नाव सांगत नाही, माणसाचंही नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. वरच्या बाजूला त्याची बागायती जमीन. ती त्याचीच, त्याबद्दल वाद नाही. पण पाणी उतरलं तसं त्यानं काटेरी तार खाली आणली, थेट पाण्यापर्यंत. मधे लोखंडी फाटक आणि फाटकाला कुलूप. राखणीला एक गडी. तो सांगायचा, "होडी तिकडं नाल्याच्या तोंडाला लावा." नाल्याच्या तोंडाला काय आहे? गुडघाभर राड. त्यातून मोटारींचे पाईप आडवे गेलेले. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन, कडेवर पोर घेऊन त्या पाईपांवरून चालून बघा. शाळेच्या मुली तिथून गेल्या की गणवेश कमरेपर्यंत चिखलाचा. एक आई मला म्हणाली, पोरगी शाळेत जायला लाजते, काय करू? हा काठावरचा प्रश्न घरात असा येतो.

आम्ही गावातल्या पुरुषांना विचारलं. ते म्हणाले, "कशाला वाद? पाणी चढलं की आपोआप मिटेल." खरं आहे, पाणी चढलं की तार बुडते आणि होडी पुन्हा वर लागते. पण पाणी चढायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. आणि पुरुषांना घाई का नव्हती, तेही आमच्या लक्षात आलं. त्यांच्याकडे मोटारसायकल आहे. लांबच्या रस्त्यानं वळसा घालून ते तालुक्याला येतात. घरात मोटारसायकल एकच असते आणि ती बाईची नसते. होडीत बसतं कोण? बाजाराला जाणारी बाई, माहेराला निघालेली बाई, दवाखान्यात जाणारी गरोदर बाई, मासे विकणारी भिल्ल-भोयांची बाई, म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. म्हणून मी म्हणते, हा बायकांचा प्रश्न आहे.

आता कायद्याचं बोलू. घाबरू नका, सोपं करून सांगते.

पहिला सवाल: पाणी उतरल्यावर उघडी पडलेली जमीन कुणाची? धरण बांधताना बुडिताची जमीन सरकारनं संपादन केली. तेव्हाचा कायदा १८९४ चा, आणि त्यातला शब्द होता 'सार्वजनिक प्रयोजन'. माझ्या सासूबाईंच्या माहेरची जमीन या दोन शब्दांखाली गेली. मोबदला मिळाला तो त्यांच्या वडिलांना आणि भावांना. सासूबाईंना विचारायचा प्रश्नच नव्हता. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला, तोवर इथलं धरण उभं राहिलेलं होतं. म्हणजे ज्यांनी जमीन दिली त्यांनी कायद्याच्या आधारावाचून दिली. असू दे. पण जी जमीन सर्वांच्या कामासाठी म्हणून घेतली, ती वर्षातले सहा महिने उघडी पडते म्हणून शेजारच्या बागायतदाराची होत नाही. ती जलसंपदा खात्याच्या ताब्यातली सरकारी जमीन आहे. शिवाय आपल्या जमीन महसूल कायद्याचं, म्हणजे १९६६ च्या संहितेचं, कलम २० सांगतं की सार्वजनिक रस्ते, नद्या-नाल्यांचे आणि तलावांचे तळ, वाहतं आणि साचलेलं पाणी, यांतलं जे कुणा व्यक्तीच्या मालकीचं नाही ते सरकारचं.

मग तो माणूस सातबारा कसा दाखवतो? इथे एक गोम आहे. जमीन संपादन झाली, निवाडा झाला, पैसे वाटले गेले, पण फेरफार नोंदवायचा राहिला, असं अनेक ठिकाणी झालेलं आहे. उताऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव चालू राहतं. पुढे वारस लागतात, वाटण्या होतात, विक्रीही होते. म्हणून नुसता सातबारा बघून मान खाली घालायची नाही. संपादनाचा निवाडा मागायचा, कमी-जास्त पत्रक मागायचं, मोजणीचा नकाशा मागायचा. धरणाच्या हद्दीचे दगड कुठे होते ते शोधायचं. आमच्या इथला एक दगड गोठ्याच्या ओट्याला लागलेला सापडला!

दुसरा सवाल गाळपेराचा, आणि तो अवघड आहे. गाळपेर जमीन खातं हंगामापुरती भाड्यानं देतं. धरणग्रस्तांना आधी द्यायची असा नियम आहे. म्हणजे कुंपण घालणारा प्रत्येक जण धनदांडगा असतो असं नाही. आमच्यातलीच एखादी विधवा तिथे हरभरा टाकते. येणारे-जाणारे तिच्या पिकातून वाट पाडतात, शेळ्या सोडतात. तिचं नुकसान होतंच. तिनं काटे टाकले तर मी तिला दोष देणार नाही. पण तिच्याशी बसून बोलता येतं. आम्ही बोललो. दोन ताटव्यांच्या मधून बैलगाडीएवढी वाट पाण्यापर्यंत मोकळी सोडायची, आणि पाणी मागं गेलं की वाटही तशीच पुढे न्यायची, असं ठरलं. होडीवाल्यानंही शब्द दिला की होडी त्याच तोंडाला लावीन, वाटेल तिथे नाही. एक संध्याकाळ लागली. गाळपेराचा पट्टा पीक घेण्यासाठी आहे, पाण्याकडे जायची वाट बंद करण्यासाठी नाही, हे त्या बाईला तलाठी भाऊसाहेबांच्या आधी कळलं. (भाऊसाहेबांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, नाव लांब झालं, भेटण्याची वेळ होती तीच आहे.)

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. सरकारी जमीन म्हणजे कुणीही कुठेही जावं असं नसतं. धरणाच्या भिंतीजवळ जायला बंदी असते आणि ती योग्यच आहे. मासेमारीचा ठेका असतो, त्याचे नियम वेगळे. आपलं मागणं मर्यादित आहे. होडी लावायची, उतरायचं आणि सडकेपर्यंत चालत जायचं.

पाण्यावर खाजगी हक्क सांगून माणसांना काठावरच अडवायचं, ही युक्ती आपल्याकडे नवी नाही. महाडचं चवदार तळं सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातली कोर्टाची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये तसा ठराव केला. आणि तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी लोकांना घेऊन पाणी प्यायलं तेव्हा मारहाण झाली. पुढे डिसेंबरमध्ये काही स्पृश्यांनी दिवाणी कोर्टात दावा लावला. दाव्यात काय म्हटलं? की हे तळं सार्वजनिक नाहीच, ते खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना इथे येऊ न देण्याची वहिवाट आहे. मनाई हुकूमही मिळवला. म्हणून डिसेंबरच्या परिषदेत तळ्यावर पुन्हा पाणी भरायला जाता आलं नाही. तो दावा दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टानं निकाल दिला आणि दावेदार हरले. तळं खाजगी असल्याचं त्यांना शाबीत करता आलं नाही, आणि वहिवाट फार प्राचीन असल्याचंही नाही. आमच्या तारेच्या कुंपणाची मी महाडशी बरोबरी करत नाही, तो अन्याय फार मोठा होता. मी फक्त युक्तिवाद दाखवते आहे. आधी 'हे माझं आहे' म्हणायचं, मग 'असंच चालत आलंय' म्हणायचं, आणि कोर्टात वर्षं काढायची. त्याला उत्तर कागदानंच द्यावं लागतं.

दुसरं उदाहरण गोव्याचं. पणजीजवळ दोना पावलाकडे वायंगिणीचा समुद्रकिनारा आहे. तिथे मोठं हॉटेल झालं आणि किनाऱ्यावर जायची लोकांची जुनी वाट अडली. गावची माणसं कोर्टात गेली. अनेक वर्षांनी, जानेवारी २००९ मध्ये, सुप्रीम कोर्टानं लोकांच्या बाजूनं निकाल दिला: किनाऱ्याकडची वाट लोकांना खुली ठेवावी लागेल. त्या निकालात एक तत्त्व आलं आहे, ते याच कोर्टानं १९९६ साली बियास नदीकाठच्या एका मोटेलच्या खटल्यात मांडलं होतं. नदी, किनारा, जंगल ही सरकारची खाजगी मालमत्ता नव्हे, सरकार त्यांचं विश्वस्त आहे. विश्वस्तानं ठेव सांभाळायची असते, एका माणसाच्या घशात घालायची नसते. वाहतं पाणी, समुद्र आणि त्याचा काठ सर्वांचा, हे रोमच्या कायद्यात सहाव्या शतकात लिहिलेलं होतं. वकील म्हणेल, बाई, समुद्र निसर्गानं केला, धरण माणसानं. मी म्हणते, तर मग आमची बाजू जास्तच भक्कम. समुद्रासाठी कुणी आपलं घर सोडलं नव्हतं.

आता आमच्या प्रकरणात काय झालं ते सांगते. आम्ही अकरा बायका तहसील कचेरीत गेलो. तिथे एक कारकून भला होता, पण त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "पूर्वापार वाट आहे म्हणता, पुरावा काय?" आमच्याकडे कागद कुठला? वाट पायानं पडते, तिची पावती फाडत नाहीत. सगळ्या गप्प झाल्या. आमच्यात एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, "थोरली झाली तवा मी म्हायेरी गेले व्हते. चिंचंच्या खोडापाशी होडी लागली व्हती, पानी तिथवर व्हतं. दुसऱ्या बाळंतपनाला उन्हाळा व्हता, तवा खाली खडकापाशी उतरले, आन् वर चढताना कळा सुरू झाल्या." मग दुसरी बोलली, मग तिसरी. प्रत्येकीला काठ आठवत होता, आणि प्रत्येकीची तारीख मुलाच्या जन्माची होती. कारकून हसला, म्हणाला, "मावशी, याला पुरावा म्हणत नाहीत."

म्हणतात. ते आम्हाला नंतर एका वकीलताईंनी दाखवलं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ४८ होतं. एखादी सर्वसाधारण रूढी किंवा हक्क आहे की नाही हे ठरवताना, ज्यांना तो माहीत असण्याचा संभव आहे त्यांचं मत ग्राह्य धरता येतं. खाली उदाहरणही दिलं होतं: अमुक गावच्या लोकांचा अमुक विहिरीचं पाणी वापरण्याचा हक्क. २०२३ च्या नव्या कायद्यातही ही तरतूद राहिली आहे. मग आम्ही एक वही घातली. बाईचं नाव, वय, कोणत्या साली कुठे उतरली, कशासाठी, सोबत कोण होतं. तारीख कशी काढायची? मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरून. थोरलीचा दाखला काढला की आजींची उन्हाळ्याची होडी कोणत्या सालची ते सरकारी कागदावर येतं! त्या वहीत आज चौतीस बायका आहेत. ग्रामसभेत ती वाचून दाखवली आणि ठराव करून घेतला. ठरावाला विरोध झाला नाही, कारण वाचताना अर्ध्या सभासदांच्या आया त्यात निघाल्या.

अर्ज कुठे करायचा, हे विचाराल. तीन दरवाजे आहेत. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५: शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतात. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा आला पाहिजे. इथेच आपण फसतो. पुरुष म्हणतात पाणी चढू दे, आणि पाणी चढेपर्यंत सहा महिने संपतात. पुढच्या वर्षी तार पुन्हा येते. म्हणून तार दिसली त्या दिवसाचा फोटो काढा, आणि पलीकडे ज्यांची शेती आहे त्या बायकांच्या नावानं दावा टाका. नाव सातबाऱ्यावर नसेल, तर हा आणखी एक धडा. १९९२ साली लक्ष्मीमुक्तीचं सरकारी परिपत्रक निघालं, बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायला. किती घरांत लागलं?

दुसरा दरवाजा फौजदारी प्रक्रियेचा. लोकांच्या कायदेशीर वापरातल्या वाटेवर, नदीवर किंवा प्रवाहावर कुणी बेकायदा अडथळा घातला तर कार्यकारी दंडाधिकारी तो काढायला लावू शकतात. जुन्या कायद्यात हे कलम १३३ होतं, नागरिक सुरक्षा संहितेत १५२. इथे शेती असण्याची अट नाही. मासे विकणारी भूमिहीन बाईही अर्ज करू शकते. म्हणून मला हा दरवाजा जास्त आवडतो. तिसरा, जलसंपदा खात्याच्या शाखा कार्यालयात अतिक्रमणाची लेखी तक्रार. जमीन त्यांची, तर तार काढायची जबाबदारीही त्यांची. पोच घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही.

वकील तुम्हाला सुविधाधिकाराचं सांगतील, १८८२ च्या कायद्याचं. वीस वर्षं उघडपणे, बिनविरोध वापर. सरकारी जमिनीवर तीस. आमची होडी पन्नास वर्षांच्या घरात चालते आहे, म्हणजे हिशेब जुळतो. पण तो हक्क साधारणपणे एकाच्या जमिनीला दुसऱ्याच्या जमिनीवर मिळतो, आणि दिवाणी कोर्टात पिढी जाते. रूढीचा गावाचा हक्क म्हणून मांडला तर बरं. तरी मी म्हणेन, आधी तहसील.

काम झालं का? अर्धं झालं. पाहणी झाली, पंचनामा झाला. पंचनाम्याला साहेब आले तेव्हा आम्ही त्यांना होडीतूनच नेलं आणि नाल्याच्या तोंडाला उतरवलं. बूट चिखलात गेला. त्यानंतर फाटकाचं कुलूप निघालं, पण तार अजून आहे, आणि लेखी हुकूम हातात पडलेला नाही. कुलूप तोंडी निघालं तर तोंडी परत लागतं, एवढं मला कळतं.

एक बोलायचं राहिलं. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशीच्या मधे वादळात होडी उलटली आणि सहा जण बुडाले. लेकरंही होती त्यांत. तेव्हापासून आमच्या काठावर कुणी 'पाणी चढू दे' म्हणालं की बायका ऐकून घेत नाहीत. वारा सुटला तर होडीला जवळचा आणि घट्ट काठ लागतो, राड नाही. उतरायच्या जागेसाठी अर्ज करताना याच अर्जात होडीसाठी तरंगती जाकिटंही मागा. आम्ही मागितली आहेत. अजून आली नाहीत.

वहीचा नमुना आणि अर्जाचा मसुदा मी आणला आहे, झेरॉक्स काढून घ्या. वांबोरीकडच्या आणि पारनेरच्या बाजूच्या ज्या मैत्रिणी काठावरच्या आहेत, त्यांनी जेवणानंतर चिंचेखाली थांबा. कुणाच्या गावात यंदा तार किती तारखेला पडली ते आधी सांगा, म्हणजे कुणाचे सहा महिने किती उरलेत ते मोजता येईल.